काकाचा आय-सेव्हन, मामाचा आय-फाइव्ह

निःपक्षपातीपणा शिकून येत नाही, तो माणसाच्या हाडातच असावा लागतो. माझ्या हाडात तो आहे. ही बढाई नव्हे. पैनगंगेपलीकडच्या एका गावच्या पट-समितीने मला तसं मानपत्रच दिलेलं आहे. बैलजोड्यांच्या शर्यतीत, म्हणजे शंकरपटात, घड्याळ धरण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे आणि माझ्या घड्याळावर आजवर बैल हाकणाऱ्या एकाही धुरकऱ्याने शंका घेतलेली नाही. आता, त्या गावात माझा एकही बैल, एकही नातेवाईक आणि एकही ओळखीचा माणूस नाही, ही गोष्ट मानपत्रात नमूद नाही. मानपत्राच्या मागच्या बाजूला सरकीच्या ढेपेची जाहिरात आहे, ती मात्र ठळक आहे.

एरवी मी पैनगंगेच्या अलीकडे, तेलुगू राज्यातल्या बेल्याच्या मराठी शाळेत मास्तर आहे. माझी मुलगी शीतल यंदा इंटरला, म्हणजे बारावीला, पहिल्या वर्गात पास झाली. पेढे वाटून झाल्यावर, ओसरीत शेजारपाजारचे सगळे बसलेले असताना, मी जरा आवाज चढवून म्हणालो, "माग बेटा, काय पाहिजे ते माग." अशा वेळी चांगल्या घरातल्या मुली "काही नको बाबा, तुमचा आशीर्वाद असू द्या" असं म्हणतात, अशी माझी समजूत होती.

"डेस्कटॉप पाहिजे," शीतल म्हणाली. "गेमिंगचा."

शेजारच्या रेणुकाबाईंचा पेढा तोंडाशी थांबला. "गेम खेळाले? अव माय, मंग पास कायले झाली?"

"नवा नको," शीतल समजूतदारपणे म्हणाली. "जुना चालते. फक्त प्रोसेसर पाहून घ्या, बाबा."

या शेवटच्या वाक्याने माझं घर, माझी शाळा आणि माझं मानपत्र या तिघांनाही आडवं घेतलं. पण त्या क्षणी मला प्रोसेसर म्हणजे काय हेच माहीत नव्हतं, त्यामुळे मी मोठ्या मनाने "पाहू" म्हणालो. रेणुकाबाईंचे यजमान भगवानराव कोपऱ्यातून म्हणाले, "पाहूनच घ्या मास्तर. मी बी बैल पाहूनच घेतो." भगवानरावांचा कापूस आणि त्यांचे बैल, दोन्ही मंडलात, म्हणजे आमच्या तालुक्यात, नावाजलेले. त्यांच्या बोलण्याला आमच्या गल्लीत वजन आहे, आणि ते वजन बहुतेक वेळा माझ्याच अंगावर पडतं.

चूक झाली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. मी अंगणात उभा राहून मंचेरियलला माझा चुलतभाऊ सुधाकरराव याला फोन लावला. सुधाकरराव माझ्याहून लहान, पण कोळशाच्या खाणीवर ऑफिसात लागल्यापासून त्याला आम्ही घरचेसुद्धा राव लावतो. त्याच वेळी आत चुलीपाशी माझी बायको शुभांगी हिने पांढरकवड्याला तिचा भाऊ धम्मदीप याला फोन लावला. तो तिकडे क्लार्क आहे. दोघांनाही आम्ही एकच वाक्य सांगितलं: पोरीसाठी जुना कॉम्प्युटर पाहा, प्रोसेसर चांगला पाहिजे. या दोन माणसांनी आमचं आजवर एकही काम वेळेवर केलेलं नाही. आमच्या गृहप्रवेशाला दोघंही घर जुनं झाल्यावर आले. हे काम मात्र दोघांनी त्याच आठवड्यात केलं.

धम्मदीप मोटारसायकलवर आला. मागच्या सीटवर निळ्या गोधडीत गुंडाळून, सुतळीने बांधलेला डबा. त्याला उशीर झाला होता, कारण आमच्याकडे पंचायतीच्या निवडणुकीची आचारसंहिता चालू होती आणि सीमेवरच्या नाक्यावर त्याला थांबवून गोधडी उघडायला लावली होती. शिपायाने हिंदीत विचारलं, "ये क्या है?" आता, धम्मदीपला कुणी प्रश्न विचारला की तो मुळापासून सांगतो. त्याने प्रोसेसर म्हणजे काय इथून सुरुवात केली. आय-फाइव्ह, तिसरी पिढी, कोअर चार, आणि तिसरी पिढी दुसऱ्या पिढीपेक्षा कशी सरस, हे समजावता समजावता मागे कापसाच्या गाड्यांची रांग लागली. शेवटी शिपायाने स्वतः गोधडी बांधून दिली म्हणे. "जाओ भाई," असं तो दोनदा म्हणाला.

"एक नंबर वस्तू हाय, भाऊजी," धम्मदीप डबा ओसरीत ठेवत म्हणाला. "टायपिंगच्या क्लासातला हाय. तिथं पोट्ट्या हळू हातानं वापरत. रफ नाई चालला."

त्याचा चहा व्हायच्या आत सुधाकररावाचा फोन आला. तो गुडीहत्नूरच्या फाट्यावर होता. त्याचा डबा आदिलाबादेत होता. झालं असं की, मंचेरियलहून बसमध्ये कंडक्टरने त्याच्या डब्याचं तिकीट मागितलं. सुधाकरराव म्हणाला, आपल्या राज्यात बायांना तिकीट फुकट, मग एका जागी गप बसलेल्या डब्याला कशाला? यावरून दोघांत उटनूरपर्यंत वाद चालला. हा वाद तेलुगूत झाल्याने सुधाकरराव हरला, त्याने डब्याचं तिकीट काढलं, आणि त्या दुःखात गुडीहत्नूरला चहा प्यायला उतरला. बस निघून गेली. डबा तिकीटवाला प्रवासी असल्यामुळे सीटवर बसून आदिलाबादला पोचला, आणि बिनडब्याचा सुधाकरराव त्याच्या मागून दुसऱ्या बसने. बेल्याला दोघं एकत्र आले ते ऑटोत.

सुधाकररावाने ओसरीत पाय ठेवला आणि त्याला निळी गोधडी दिसली.

"हे काय हाय, दादा?"

"मामानं आणला," मी म्हणालो.

"बरं." सुधाकररावाने आपला डबा गोधडीपासून हातभर दूर ठेवला. "काय हाय आत?"

"आय-फाइव्ह," धम्मदीप म्हणाला. "थर्ड जनरेशन."

"आपला आय-सेव्हन हाय," सुधाकरराव म्हणाला, आणि बुटाची नाडी सोडू लागला. नाडी सोडताना माणूस किती अपमान करू शकतो हे मी त्या दिवशी पाहिलं.

"कोणती पिढी?"

"दुसरी."

"हां," धम्मदीप म्हणाला. "म्हणजे म्हातारा."

इथून पुढे मला जे ज्ञान मिळालं ते कुणीही मागितलेलं नव्हतं. ते असं: सात आकडा पाचापेक्षा मोठा असतो, पण तिसरी पिढी दुसरीपेक्षा नवी असते. काकाच्या आय-सेव्हनला कोअर चारच, पण तो एकेका कोअरकडून दोघांचं काम करून घेतो. त्याला आठ धागे म्हणतात. मामाच्या आय-फाइव्हला धागे चारच, पण तो तरणा, वीज कमी खातो आणि एकेकटं काम चपळाईने करतो. दोन्ही एकाच खाचेत बसतात. गेमला कुठला चांगला आणि रोजच्या कामाला कुठला, हा प्रश्न जगातल्या पुष्कळ लोकांना पडलेला आहे, आणि त्यांनी त्यावर व्हिडिओ केलेले आहेत. ते मी पाहिले. एक लाल पट्टी आणि एक निळी पट्टी शेजारी शेजारी धावते, कधी ही पुढे कधी ती, आणि शेवटी बोलणारा माणूस हसून म्हणतो की, कोणता घ्यायचा हे तुमच्या गरजेवर अवलंबून आहे. पटाच्या मैदानात एखाद्या पंचाने असा निकाल दिला असता, तर धुरकऱ्यांनी त्यालाच छकड्याला जुंपलं असतं.

आमच्याकडे जुनी वस्तू आणली की ती बघायला गल्ली येते. भगवानराव आले, धोतर सावरून दोन्ही डब्यांसमोर उकिडवे बसले, आणि बाजारात बैलांना विचारतात ते सगळे प्रश्न त्यांनी क्रमाने विचारले.

"वय?"

दोघांनी सांगितलं.

"खाते किती?"

"माह्यावाला कमी खाते," धम्मदीप घाईने म्हणाला.

"माह्यावाला खाते तसा ओढते बी," सुधाकरराव म्हणाला.

"खोड काय? लाथ मारते का, मधातच बसते का?"

"नाई," दोघंही एकदम म्हणाले. बैल विकणाराही असंच म्हणतो.

भगवानरावांनी दोन्ही डबे मागून पाहिले, पंख्याच्या जाळीत फुंकर मारली, आतून आलेली धूळ तोंडावर घेतली, आणि डोळे पुसत म्हणाले, "मास्तर, दोन्ही ठेवा. खिलारी जोडी दिसून राह्यली. एकाच जुवाले बसते म्हणता ना?"

"भगवानराव, कॉम्प्युटर एकच पाहिजे," मी म्हणालो.

"मंग एक तोडा," भगवानराव म्हणाले आणि माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी कसाई आहे.

आता मला जे तोडायचं होतं ते काय, हे त्याच संध्याकाळी स्पष्ट झालं. शुभांगी भाकरी थापत होती. ज्वारीच्या भाकरीवर तिचा हात एरवी हलका पडतो. त्या दिवशी परात हलत होती.

"अहो, माह्या भावानं गोधडीत गुंडाळून आणला," ती म्हणाली. "त्याले थंडी लागू नाई म्हणून."

"मी काही म्हटलं का?"

"नका म्हणू. फक्त इतकं ध्यानात ठेवा, तो डबा ज्या गाडीवर वापस जाईन ना, त्याच गाडीवर मांगं मी बसून जाईन."

अंगणात सुधाकरराव हातपाय-तोंड धूत होता. त्याने चूळ टाकून मला जवळ बोलावलं. "दादा, तू कोणाचाबी घे. माह्यं काही म्हणणं नाई. पण माह्यावाला वापस गेला, तर उद्या शीतलच्या लग्नात मी पाहुणा म्हणून येईन. जेवीन अन् जाईन. काका म्हणून नाई."

म्हणजे प्रश्न प्रोसेसरचा राहिलाच नव्हता. एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला रक्त, आणि मधोमध मी, ज्याला मानपत्र मिळालेलं आहे. त्यात दोघांनीही निकाल लागेपर्यंत रजा टाकलेली. दोघं आमच्या बैठकीत आपापल्या डब्याशेजारी गादी घालून झोपत. सकाळी उठून दोघंही आधी डब्याला हात लावत, मग चहाला. मी एकाला "झोप लागली का?" विचारलं, तर दुसऱ्याला तेच, त्याच आवाजात विचारावं लागे. एकदा मी धम्मदीपच्या ताटात चटणी आधी वाढली. सुधाकररावाने त्या दिवशी चटणी खाल्ली नाही.

शीतल मात्र आनंदात होती. दोघांकडून तिला रोज कुल्फी मिळे. मी तिला एकांतात विचारलं, "तुला कोणता पाहिजे ते सांग ना, बेटा. तू बोललीस तर विषय संपते."

"बाबा," ती कुल्फी चाटत म्हणाली, "पंच तुमी हाय."

तोडगा भगवानरावांनीच काढला. आमच्या भागात बैल विकत घेताना आधी तो घरी आणून जुंपून पाहायची रीत आहे. औताला चालला तर ठेवायचा, नाहीतर परत. "काऊन बसून राह्यले नुसते?" भगवानराव म्हणाले. "जुपा. दोन्ही एकाच येळी, एकाच दानावर. घड्याळ तुमी धरा. जो पुढं जाईन तो घरात, जो मांगं राह्यला तो गाडीवर. पट लावा ना, मास्तर!" दान म्हणजे पटात जोड्या धावतात ती पट्टी.

हे ऐकून मला पहिल्यांदाच मोकळा श्वास आला. निकाल माझा नव्हे, घड्याळाचा. शुभांगी घड्याळावर रागावून माहेरी जाऊ शकत नाही.

अडचण एवढीच की दोघांनीही फक्त डबे आणले होते. चालवून पाहायचे तर मॉनिटर, कीबोर्ड वगैरे लागणार. ते शाळेत होते. मी हेडमास्तरांकडे गेलो. ते मूळचे निर्मलकडचे, तेलुगू माणूस, भले आहेत, पण नियमाला फार.

"स्कूलका मॉनिटर घरको?" ते म्हणाले. "रूल लेदु, मास्टरगारू." म्हणजे नियमात नाही.

"दरख्वास्त द्या," असं भगवानरावांनी बजावलं होतं, म्हणून मी अर्जही नेला होता. हेडमास्तरांनी तो वाचला आणि मग त्यांच्या डोळ्यांत ती चमक आली जी मला ओळखायला हवी होती. मॉनिटर बाहेर जाणार नाहीत. पण शर्यत आत येऊ शकते. रविवारी, शाळेच्या वऱ्हांड्यात, 'डिजिटल जागृती कार्यक्रम' या नावाने. वरून असला काहीतरी कार्यक्रम घ्या म्हणून सूचना आलीच होती. उद्घाटन ते स्वतः करणार होते. फोटो मी काढायचे होते.

मी घरात जरा मुलीच्या कॉम्प्युटरबद्दल विचारलं होतं, आणि आता बॅनर छापून येत होता.

शनिवारी दुपारी शीतल आणि तिची मैत्रीण चंचल यांनी दोन्ही डबे शाळेत नेले. धूळ झाडून, तपासून, जोडून ठेवतो म्हणाल्या. काका-मामांनी सोबत यायची तयारी दाखवली, पण शीतलने "पटाच्या आधी धुरकऱ्याशिवाय कोणी बैलाजवळ जात नसते" असं सुनावलं, आणि भगवानरावांनी मान डोलावली. तेव्हा दोघंही घरी बसून एकमेकांकडे पाहत राहिले.

रविवारी सकाळी वऱ्हांड्यासमोर अर्धं गाव. पंढरी, जो पटात भोंग्यावर बोलतो, तो भोंगा घेऊनच आला. कुणीतरी लाल झेंडी आणली होती. निळी गोधडी ओळख म्हणून मामाच्या डब्याखाली अंथरली होती. काकाच्या डब्याखाली खाणीचा पिवळा टॉवेल. गल्लीतल्या चंपाबाई आणि इतर बाया भिंतीशी बसल्या. त्यात दोन पक्ष आधीच पडले होते: ज्यांचं माहेर पैनगंगेपलीकडे, त्या गोधडीच्या बाजूने; बाकीच्या टॉवेलच्या.

आम्ही बौद्ध, आमच्या घरात नारळ फुटत नाही. पण वऱ्हांडा शाळेचा होता आणि हेडमास्तरांना फोटो पाहिजे होता. नारळ फुटला. तेवढ्यात रेणुकाबाई पुढे झाल्या आणि शर्यतीच्या बैलाला करतात तसं त्यांनी दोन्ही डब्यांवर मूठमूठ गुलाल टाकला. डबे चालू नव्हते तोवर काही बिघडलं नाही. पंढरीने भोंग्यावर "हुश्श्यार!" केलं, झेंडी पडली, शीतल आणि चंचलने एकदम बटणं दाबली, आणि मागच्या पंख्यांनी तो सगळा गुलाल आत ओढून दुसऱ्या बाजूने बाहेर फेकला. दुसऱ्या बाजूला हेडमास्तर उभे होते. पांढऱ्या सफारीत. त्यांनी पहिल्यांदाच नियमात नसलेला शब्द वापरला.

पहिली फेरी होती नुसतं उठून उभं राहण्याची: बटण दाबल्यापासून पडदा येईपर्यंत. मामाचा डबा सरळ उठला. काकाच्या डब्यावर गोल गोल ठिपके फिरायला लागले आणि खाली मजकूर आला की अपडेट चालू आहे, कृपया बंद करू नका.

"टॉवेलवाला बसला!" पंढरी भोंग्यात ओरडला. "दानाच्या मधात बसला हो, बाप्पा!"

"शेपटी पिरगाळा त्याची!" मागून कोणीतरी म्हणालं.

"पाह्यलं?" धम्मदीप सुधाकररावाच्या कानाशी म्हणाला. "तरणा तो तरणाच. थर्ड जनरेशन हाय, राजेहो."

सुधाकरराव आपल्या ठिपक्यांकडे असा पाहत होता, जसं दवाखान्यात बाहेर बसलेला माणूस दाराकडे पाहतो. मी घड्याळ थांबवलं, आकडा भोंग्यावर सांगितला, चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नाही. शुभांगी बायांमधून माझ्याकडे पाहून गोड हसली. असं हसू मी लग्नानंतर मोजक्या वेळा पाहिलेलं आहे.

दुसरी फेरी रोजच्या कामाची. रोजचं काम म्हणजे काय, यावर थोडा वाद झाला. शेवटी ठरलं की लोक ज्या ज्या कामासाठी ऑनलाइन सेंटरवर जातात ते सगळं एकदम उघडायचं: जमिनीचा उतारा, विम्याची पावती, कापसाचा भाव, हवामान, निकाल, आणि चंपाबाईंच्या आग्रहावरून वऱ्हाडी कीर्तनाचा एक व्हिडिओ. काकाचा डबा अपडेट पचवून आता ताजा झाला होता. त्याने सगळं धडाधड उघडलं. मामाच्या डब्यात महाराज हात वर करून थांबले ते थांबलेच.

"आठ धागे!" सुधाकरराव उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले होते. "मी काय सांगून राह्यलो होतो? आठ धागे हाय! चारात अन् आठात फरक पडते का नाई?"

"पडते, पडते," भगवानराव जाणकारपणे म्हणाले. "त्याचा ओढाच वेगळा हाय. पाह्यल्याबरोबर वयखलं होतं मी." भगवानरावांनी पाहिल्याबरोबर काय ओळखलं होतं ते मला आठवत होतं, पण पंचाने बोलायचं नसतं.

शुभांगीचं हसू गेलं होतं. बरोबरी झाली होती. तिसरी फेरी, गेमची, निकालाची.

गेम शीतलने निवडला होता: डोंगरातल्या रस्त्यावरून ट्रक न्यायचा. ती मामाच्या डब्यावर बसली, चंचल काकाच्या. झेंडी पडली. पडद्यावर दोन ट्रक निघाले. खरं सांगायचं तर ते निघाले असं म्हणता येणार नाही. ते एका जागी दिसत, मग नाहीसे होत, आणि थोडं पुढे दिसत. मधला प्रवास प्रेक्षकांनी समजून घ्यायचा होता. तरी गाव पेटलं. "हाण! हाण! कासरा ढिला सोड, पोट्टे!" गोधडीवाले आणि टॉवेलवाले उभे राहिले. धम्मदीपने सुधाकररावाचा हात घट्ट धरला होता आणि दोघांच्याही ते लक्षात नव्हतं. शेवटचं वळण आलं. दोन्ही ट्रक पुलावर एकदम चढले. माझा अंगठा घड्याळाच्या बटणावर, डोळे रेषेवर, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यात एकीकडे शुभांगी, दुसरीकडे सुधाकरराव. मी प्रामाणिकपणे सांगतो, त्या क्षणी माझ्या हाडात जे काही होतं ते सगळं पातळ झालं होतं. कोणीही जिंकलं तरी मी हरणार होतो.

त्याच वेळी शाळेमागची पिठाची चक्की सुरू झाली.

चक्कीची आणि शाळेची तार एकच आहे. वऱ्हांड्यातला पंखा मंदावला, दोन्ही पडदे एकदा उजळले आणि एकदम काळे झाले. दोन्ही डबे एकाच श्वासात गप. भोंगाही गेला, त्यामुळे पंढरीचं "आलाऽऽ" हे त्याच्या स्वतःच्या आवाजात ऐकू आलं, आणि तो आवाज फारच बारीक निघाला.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळाकडे पाहिलं. घड्याळाकडे निकाल नव्हता.

तेव्हा भगवानराव काठी टेकत वऱ्हांड्यात चढले. "ऐका," ते म्हणाले. "पटात एक जोडी बसली तर हार. दोन्ही बसल्या तर फेरी पुन्हा. पण जे दोन जनावरं एकाच पावलावर बसतेत, त्यायले काय म्हणते?"

त्यांनी काठी दोन्ही डब्यांवरून फिरवली.

"जोडी म्हणते," भगवानराव म्हणाले. "मी पयल्या दिवशी सांगितलं. जमलेली जोडी जो तोडीन त्याच्या घरी मी पान्याले बी जाणार नाई."

मी ती संधी दोन्ही हातांनी धरली. भोंगा बंद होता, तरी भोंग्यासमोर उभं राहून जाहीर केलं की पंचाचा निर्णय: सामना बरोबरीत, दोन्ही डबे ठेवण्यात येत आहेत. टाळ्या पडल्या. धम्मदीप म्हणाला, "चक्की नसती लागली तर आपला निघाला होता, पण जाऊ द्या." सुधाकरराव म्हणाला, "तुमचा बी वाईट नाई. उठाले चपळ हाय." धम्मदीप म्हणाला, "तुमच्या धाग्यायले तोड नाई." जेवणात शुभांगीने दोघांना एकदम चटणी वाढली, दोन हातांनी. दुपारी दोघं पाहुणे एकाच मोटारसायकलवर बसून निघाले. मामाने काकाला आदिलाबादच्या बसस्टँडवर सोडलं, आणि बस हलेपर्यंत थांबला, असं नंतर कळलं.

माझ्याबद्दल गावात दोन शब्द चांगले बोलले गेले. हेडमास्तरांनीसुद्धा गुलाबी सफारीतला फोटो वर पाठवला, आणि कार्यक्रम रंगला असं वरून उत्तर आलं म्हणे.

संध्याकाळी मी आणि शीतल डबे उचलायला शाळेत गेलो. मी अजून मानपत्राच्या मनःस्थितीत होतो. म्हणालो, "पाहिलंस ना? आठ धाग्यांनी दुसरी फेरी कशी मारली. आणि तिसऱ्या पिढीचा पहिल्या फेरीत कसा उठला. गुण लपत नसतात, बेटा."

शीतल वायरी गुंडाळत होती. "बाबा, रागवसान नाई ना?"

"कशाला रागवीन?"

"मी काल साफ करताना दोन्हीतले प्रोसेसर काढले होते. थंड ठेवाची पेस्ट वाळून गेली होती. मंग नवी लावून बसवले. एकाच खाचेत बसतेत ना ते."

"बरं मग?"

"मामाचा काकाच्या डब्यात बसवला. काकाचा मामाच्यात."

मी बाकावर बसलो. वऱ्हांड्यात अजून गुलाल होता.

"चुकून?"

"नाई, मुद्दाम." ती माझ्याशेजारी बसली. "मले पाहाचं होतं का लोक प्रोसेसरले ओरडतेत का डब्याले."

म्हणजे धम्मदीपचा छाती फुगवून उठलेला तरणा हा सुधाकररावाचा म्हातारा होता. सुधाकररावाचे डोळे ज्या आठ धाग्यांनी भरून आले ते चार होते, आणि तेही धम्मदीपचे. मी अत्यंत निःपक्षपातीपणे, सेकंदाचाही घोळ न करता, संपूर्ण शर्यत उलटी मोजली होती.

"मग पहिल्या फेरीत काकाचा, म्हणजे मामाचा... तो मागे का राहिला?"

"अपडेट आलं होतं ना, बाबा. ते कोणालेबी येते."

"आणि दुसऱ्या फेरीत मामाचा, म्हणजे काकाचा, का थांबला?"

"त्याच्यात रॅम कमी हाय."

"आणि गेममध्ये दोघंही का अडकत होते?"

"गेमले ग्राफिक कार्ड लागते," शीतल म्हणाली. "ते दोघायतबी नाई."

"तुला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"हो. पण एक वापस गेला असता, तर मंग आई बी गेली असती नाईतर काका. अन् कुल्फी बी."

खरं सांगावं की नाही, हा प्रश्न पंचाला पडू नये, पण मला पडला. मग मला धम्मदीपने धरलेला सुधाकररावाचा हात आठवला, परातीत पुन्हा हलका झालेला हात आठवला, आणि मी निर्णय घेतला की घड्याळाने जे मोजलं ते मोजलं. शीतलला तेवढं म्हणालो, "हे कोणाला सांगू नको." ती म्हणाली, "तुमी नका सांगू म्हंजे झालं."

आम्ही दोन डबे दोन फेऱ्यांत घरी आणले. बैठकीतल्या टेबलावर शीतलने ते शेजारी शेजारी मांडले, एकाखाली गोधडी, एकाखाली टॉवेल. शुभांगीने वरून हात फिरवून गुलाल पुसला. भगवानराव आणि रेणुकाबाई बघायला आले. शीतलने वायरी लावल्या आणि दोन्ही बटणं एकदम दाबली. दोन्ही पंखे एका सुरात फिरू लागले, समोरचे दोन दिवे एकदम लागले. "वा," भगवानराव म्हणाले. "आता दाखव."

मॉनिटर दोन्ही शाळेचे होते.